बेपत्ता माणसाची वारसनोंद

शेतकऱ्याच्या घरात माणूस गेला की दिवसकार्य उरकल्यावर पुढचं काम ठरलेलं असतं. मृत्यूचा दाखला काढायचा, तलाठ्याकडे जायचं, सातबाऱ्यावर वारसांची नावं लावून घ्यायची. नेपाळात या वारसनोंदीला नामसारी म्हणतात आणि तिलाही मृत्यूचा दाखला लागतो. पण माणूस मेलाय की जिवंत आहे हेच कोणी सांगायला तयार नसेल, तर दाखला मागायचा कसला? पश्चिम नेपाळच्या बर्दिया जिल्ह्यात या एका प्रश्नात कितीतरी बायकांची उमर गेली.

मी बचतगटांची माणूस. शिरोळ-मिरज पट्ट्यातल्या गावांत गटांच्या वह्या तपासणं, कर्जाचे हप्ते जुळवणं यातच माझी वर्षं गेली. बर्दियालाही मी गेले ती वह्यांसाठीच. तिथल्या एका संस्थेला आपल्या गटांचे हिशेब लावून हवे होते. लखनौहून रुपैडिहाच्या नाक्यावर उतरायचं, सीमा ओलांडून नेपाळगंज आणि तिथून बर्दिया. डोंगर दिसलाच तर लांब उत्तरेला. बाकी सगळं सपाट तराई, भाताची खाचरं, मोहरी, आणि शेणामातीनं लिंपलेली थारू लोकांची घरं. नेपाळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर हिमशिखरं येतात. युद्धात माणसं सगळ्यात जास्त नाहीशी झाली ती मात्र या सपाट मुलखात.

13 फेब्रुवारी 1996 रोजी माओवाद्यांनी नेपाळात सशस्त्र बंड सुरू केलं. ते दहा वर्षं चाललं. 21 नोव्हेंबर 2006 रोजी पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवादी नेते प्रचंड यांनी शांतता करारावर सह्या केल्या, तोवर सुमारे 17 हजार माणसं मेली होती आणि 1300हून अधिक बेपत्ता होती. नोव्हेंबर 2001 मध्ये आणीबाणी लागली, लष्कर उतरलं आणि त्यानंतरच्या वर्षभरात बर्दियातून रात्री-अपरात्री माणसं उचलली गेली. या जिल्ह्यातले बेपत्ता 200हून अधिक आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं 2008 साली त्यातल्या 170 प्रकरणांचा अहवाल काढला. 156 जणांना सरकारी सुरक्षा दलांनी नेलं होतं, 14 जणांना माओवाद्यांनी. सरकारनं नेलेल्यांत बहुतेक थारू होते. थारूच का, याचं मूळ जमिनीत आहे. कमैया म्हणजे वेठबिगारीची पद्धत बंद केल्याचं सरकारनं जाहीर केलं ते जुलै 2000 मध्ये, म्हणजे युद्ध चालू असताना. कालपर्यंत जमीनदाराच्या कर्जात जखडलेला थारू गडी हक्काची भाषा बोलू लागला आणि त्याच्यावर माओवादी असा शिक्का मारायला कोणाच्या पुराव्याची गरज उरली नाही.

करारात एक कलम होतं. बेपत्ता केलेल्या आणि मारलेल्या माणसांची नावं, पत्ते दोन्ही बाजूंनी 60 दिवसांत जाहीर करायचे आणि घरच्यांना कळवायचं. ते 60 दिवस जानेवारी 2007 मध्ये संपले. बर्दियातल्या बायकांना अजून कोणी काही कळवलेलं नाही.

गटाची सभासद-नोंदवही बघताना माझी नजर एका रकान्यावर अडली. आपल्यासारखाच तिथेही पतीच्या नावाचा रकाना. नवरा वारला असेल तर नावाआधी ‘स्व.’ लिहायची पद्धतही आपल्यासारखीच. एका थारू सभासदाच्या नवऱ्याच्या नावाआधी कोणीतरी निळ्या शाईनं ‘स्व.’ लिहिलं होतं, मग ते खोडलं होतं, मग पुढच्या वर्षीच्या पानावर पुन्हा लिहिलं होतं आणि पुन्हा खोडलं होतं. वही लिहिणाऱ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, ‘‘दिदी, अर्ज भरताना वरचे साहेब सांगतात लिही. काकी बघते आणि पुसायला लावते.’’

ती काकी दुपारच्या बैठकीला आली. पन्नाशीच्या आसपासची, हातात मुलाच्या शेतातली हिरवी मिरची, गटाच्या चहासोबत खायच्या भज्यांसाठी आणलेली. माझ्या शेजारी बसून बोलू लागली तेव्हा थारू, नेपाळी आणि हिंदी असं मिसळून बोलत होती, म्हणून मला निम्मं थेट कळत होतं. नवऱ्याला 2002 च्या उन्हाळ्यात पहाटे घरातून नेलं. अंगात बनियन होतं. तिनं सदरा आणायला आत धाव घेतली, बाहेर येईपर्यंत गाडी हलली होती. तो सदरा घेऊन ती सासऱ्याबरोबर चिसापानीच्या लष्करी छावणीवर गेली. आत कोणी नाही असं फाटकावरच्या शिपायानं सांगितलं. मग पोलीस चौकी, मग जिल्हा प्रशासन कार्यालय. सगळीकडे तेच उत्तर. तिची मोठी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, मुलगा अंगावर पीत होता.

सुरुवातीची वर्षं शोधण्यात गेली, असं ती म्हणाली. त्यानंतरची सगळी कागदात.

घरची जमीन सासऱ्याच्या नावावर, एकत्र कुटुंबाची. थारूंची घरं मोठी असतात, एका छपराखाली तीन-चार भावांचा संसार. नवरा असता तर वाटणीत त्याचा हिस्सा वेगळा निघाला असता. नेपाळच्या कायद्यात 2002 साली अकरावी दुरुस्ती झाली आणि विधवेला वयाची अट न ठेवता नवऱ्याचा हिस्सा मागता येऊ लागला. पण ही बाई विधवा कुठे होती? सासरे वारल्यावर दिरांनी नामसारीचं काम काढलं तेव्हा तिला सांगण्यात आलं, वडा कार्यालयात, म्हणजे प्रभागाच्या कचेरीत जाऊन नवऱ्याची मृत्युनोंद करून आण, मग तुझं नाव लागेल. ती गेली. कारकुनानं अर्ज पुढे सरकवला. मृत्यूची तारीख, मृत्यूचं ठिकाण, मृत्यूचं कारण, आणि खाली अर्जदाराची सही.

‘‘तारीख मी कुठून आणू?’’ तिनं मलाच विचारलं. ‘‘ज्यांना ठाऊक आहे ते सही करत नाहीत. मला ठाऊक नाही तर मी का करू?’’

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म या अर्जात आहे. माणसाला नेलं सरकारनं, किंवा सरकारविरुद्ध लढणाऱ्यांनी. तो मेला असेल तर मारलाही त्यांनीच. पण तो मेला हे लिहून द्यायची जबाबदारी त्याच्या बायकोवर. तिनं लिहून दिलं की जमिनीचं कुलूप उघडतं. मात्र त्याच दिवशी ती तपास मागण्याचा आपला हक्क स्वतःच्या हातानं सैल करते, असं तिला वाटतं, आणि सासू म्हणते, माझ्या लेकाला तू मारलंस. नेपाळच्या कायद्यानं 12 वर्षं ठावठिकाणा न लागलेला माणूस मृत धरता येतो. आपल्याकडे हीच मुदत 7 वर्षांची आहे. बर्दियात 2002 साली नेलेल्यांची 12 वर्षं 2014 मध्ये भरली. पण तेव्हाही मागणी बाईनंच करायची. काहींनी केली. मुलांचं शिक्षण, घराचं छप्पर, औषधपाणी यांपुढे किती दिवस ताठ राहायचं? ज्यांनी दर्भाचा पुतळा करून, तो जाळून क्रियाकर्म उरकलं त्यांना दोष द्यायचा मला अधिकार नाही. आपल्याकडेही देह न मिळाल्यास असा विधी करतातच. आणि ज्यांनी केलं नाही त्यांना हट्टी म्हणण्याचा अधिकार तर कोणालाच नाही.

गटात दुसरी एक बाई होती, डोंगराकडून तराईत येऊन स्थायिक झालेल्या बाहुन, म्हणजे ब्राह्मण घरातली. तिचा नवरा शाळामास्तर. त्याला माओवाद्यांनी नेलं. आमच्या काकीचा नवरा सरकारनं नेलेला, हिचा बंडखोरांनी, आणि दोघी एका सतरंजीवर बसून एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतात. हे मी पाहिलं नसतं तर मला कोणी सांगून पटलं नसतं.

या बाईचा छळ वेगळा. थारू समाजात विधवेचं पुन्हा लग्न होणं, दिराशी होणंही, फारसं अप्रूपाचं नाही. बाहुन-छेत्री घरांत मात्र नवरा गेला की सिंदूर, लाल साडी, काचेच्या बांगड्या, गळ्यातली पोते म्हणजे मण्यांची माळ, सगळं उतरवायचं. ही बाई ते उतरवेना, कारण नवरा जिवंत असण्याची शक्यता तिच्या मते होती. मग बाजारात कुजबुज. नवरा नाही आणि नटते कोणासाठी? शेवटी सासऱ्यांनी घराण्याची अब्रू म्हणून पांढरं नेसायला लावलं. तिनं दोन वर्षं नेसलं आणि एक दिवस पुन्हा सिंदूर भरला. तेव्हापासून सासरच्या लग्नामुंजींत तिला बोलावणं नसतं. सवाष्ण म्हणूनही नाही आणि विधवा म्हणूनही नाही. तराईच्या काही भागांत एकट्या बाईवर चेटकिणीचा, बोक्सीचा आळ यायलाही वेळ लागत नाही. गावातली म्हैस आटली तरी निमित्त पुरतं.

इथे मला घरचं आठवत होतं. माझ्या कामाच्याच टापूतल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव केला की गावात कोणत्याही विधवेचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींनी असं करावं म्हणून परिपत्रक काढलं. मी ही गोष्ट गटाला सांगितली तेव्हा बाहुन घरातली बाई टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिली होती. नेपाळमध्ये ही लढाई त्याआधीपासून चालू आहे. लिली थापा यांनी 1994 साली विधवांची संघटना उभी केली. विधवा हा शब्द टाकून एकल महिला म्हणवून घ्यायचं, लाल रंग पुन्हा अंगावर घ्यायचा, हे त्यांच्या संघटनेनं खेड्यापाड्यांत रुजवलं. एकल महिलांत बेपत्तांच्या बायकाही बसल्या, कारण त्या शब्दात नवरा मेलाय की जिवंत आहे हे सांगावं लागत नाही. 2009 च्या अर्थसंकल्पात सरकारनं विधवेशी लग्न करणाऱ्याला 50 हजार रुपये द्यायचं जाहीर केलं तेव्हा याच बायका रस्त्यावर आल्या. आमच्या डोक्यावर बक्षीस लावू नका, आम्हाला शिक्षण आणि काम द्या, हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

सरकारी मदत आली नाही असं नाही. मृतांच्या आणि बेपत्तांच्या कुटुंबांना सुरुवातीला 1 लाख नेपाळी रुपये मिळाले, पुढे हप्त्याहप्त्यानं ही रक्कम 10 लाखांपर्यंत गेली. पैसा आला आणि घरं फुटली. आई-बापाचा मुलगा, बायकोचा नवरा, पैसा कोणाचा? बायकोच्या नावानं आला तर सासू-सासरे म्हणत, उद्या ही दुसरं लग्न करून पैसा घेऊन जाईल. कुठे सासरच्यांनी पैसे काढून घेतले, कुठे बाईला मुलांसकट वेगळं काढलं. काकीनं आपल्या पहिल्या हप्त्यातून सासूचं डोळ्याचं ऑपरेशन केलं, दोन बिघे गहाण जमीन सोडवली. ती जमीन दिराच्या नावावर होती, आजही आहे. हिशेब तपासायची मला सवय, म्हणून मी विचारलं, काही लिहून घेतलंत का? ती माझ्याकडे बघत राहिली. घरात लिहून कोण घेतं, असं म्हणाली.

सगळ्यात जास्त चीड मला आली ती नागरिकतेच्या कागदाची हकिगत ऐकून. नेपाळात सोळाव्या वर्षी नागरिकतेचं प्रमाणपत्र काढावं लागतं. त्याशिवाय बँकेत खातं नाही, सरकारी नोकरी नाही, पासपोर्ट नाही, जमीन नाही. त्यासाठी बापाची नागरिकता आणि ओळख पटवणारा, सनाखत करणारा नातेवाईक लागतो. बाप नसेल तर बापाकडचा. आईच्या नावानं नागरिकता मिळू शकते असं कायद्यात आहे, पण कचेरीत आईला पहिला प्रश्न येतो, बाप कुठाय? काकीच्या मुलाच्या सनाखतीला दीर आला, पण एका अटीवर. वाटणीचा विषय पुन्हा काढायचा नाही. तिनं मान डोलावली. मुलगा सोळा वर्षांचा होता आणि त्याला पुढे शिकायचं होतं. काकीनं आपला जमिनीचा हक्क मुलाच्या एका कागदासाठी सोडला, आणि तोही कोणत्याही रजिस्टरात न लिहिता. सरकारी आकडेवारीत हे नुकसान कुठल्या रकान्यात येईल?

बैठक संपल्यावर तिनं मला एका बाजूला घेतलं. मी मुंबईकडची का, असं विचारलं. कोल्हापूर मुंबईपासून लांब आहे, पण राज्य एकच, असं मी सांगितलं. मग तिनं पिशवीतून नवऱ्याचा पासपोर्ट आकाराचा फोटो काढला, प्लास्टिकमध्ये घातलेला. बर्दियातून आणि पश्चिम नेपाळच्या सगळ्याच जिल्ह्यांतून पिढ्यान् पिढ्या पुरुष आपल्याकडे येतात. मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकांवर, हॉटेलांच्या भटारखान्यांत आपण त्यांना रोज बघतो. त्यामुळे युद्धानंतर गावात बातम्या उठत. अमक्याला मुंबईत बघितलं, तमका दिल्लीत आहे, छावणीतून पळाला आणि भीतीनं परत येत नाही. तिच्याही नवऱ्याला कोणीतरी मुंबईच्या एका स्टेशनवर पाहिल्याची बातमी आली होती. दिरानं मुंबईत जाऊन शोधलं होतं. फोटोतला माणूस तिशीचा. आज तो असलाच तर साठीकडे झुकलेला असणार. मी तो फोटो नीट पाहिला, नाव वहीत टिपून घेतलं. खोटी आशा लावायची नव्हती, आणि तो नाही असं म्हणण्याचाही मला हक्क नव्हता.

लढलेल्या बायकांबद्दल इथे थोडं सांगते, कारण त्यांचा उल्लेख अशा लेखांत राहून जातो. संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत माओवादी सैन्याचे 19,602 लढवय्ये ठरले, त्यांत 3,846 बायका होत्या. बंदूक घेतलेल्या या मुलींनी जात न बघता छावण्यांत लग्नं केली होती. युद्ध संपलं, बहुतेकांनी 5 ते 8 लाख रुपये घेऊन निवृत्ती पत्करली, आणि त्या नवऱ्याच्या गावी आल्या तेव्हा सासूनं त्यांना चुलीला शिवू दिलं नाही. नेपाळी सैन्यात शेवटी सामावल्या गेलेल्या बायका शंभराच्या आसपास. बाकीच्या कडेवर मूल घेऊन, जंगलात बायका-पुरुष बरोबरीनं राहत होते हे कोणाला कळू न देता जगतात. ज्या गावानं त्यांच्यासाठी रात्री भात शिजवला तेच गाव आता त्यांच्या चारित्र्याबद्दल बोलतं.

आणि ज्यांच्यावर बलात्कार झाले त्यांना तर मदतीच्या यादीतच जागा नव्हती. मेलेल्यांच्या घरी पैसे आले, बेपत्तांच्या घरी आले. लैंगिक अत्याचार आणि छळ सोसून जिवंत राहिलेल्यांना त्या योजनेतून काही मिळालं नाही. बलात्काराची तक्रार 35 दिवसांच्या आत करायची, असा तेव्हाचा कायदा होता. ज्या चौकीत तक्रार नोंदवायची तिथलीच माणसं आरोपी असताना 35 दिवसांत कोण गेलं असतं? सत्य निरूपण आयोगाकडे युद्धकाळातल्या अन्यायांच्या 60 हजारांहून अधिक तक्रारी आल्या, त्यांत लैंगिक अत्याचाराच्या तीनशेच्या घरात. गटातल्या बायकांना मी हा आकडा सांगितला तेव्हा एक जण म्हणाली, एवढ्या तर आमच्या एका खोऱ्यात असतील. तिनं स्वतःबद्दल काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

बेपत्तांसाठी वेगळा आयोग फेब्रुवारी 2015 मध्ये नेमला गेला, करारानंतर आठ वर्षांनी. सर्वोच्च न्यायालयानं तर 1 जून 2007 लाच सांगितलं होतं की चौकशी आयोग नेमा, माणूस बेपत्ता करणं हा गुन्हा ठरवा आणि कुटुंबांना तातडीनं मदत द्या. आयोगाकडे तीन हजारांहून अधिक तक्रारी आल्या. अर्ज घेणं, अर्जांची छाननी करणं, मुदत वाढवणं, अध्यक्ष बदलणं यात वर्षं गेली. ऑगस्ट 2024 मध्ये या आयोगांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पुन्हा नव्यानं सुरुवात. तपास करायचा म्हटलं तर होतो. धनुषा जिल्ह्यात 2003 साली नेलेल्या पाच तरुणांचे अवशेष तिथल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं उकरून काढले, डीएनए तपासणीसाठी फिनलंडला पाठवले आणि 2014 साली ते घरच्यांच्या हाती दिले. त्या पाच घरांना तारीख मिळाली, ठिकाण मिळालं.

बर्दियाच्या बायकांना तपास हवाच आहे. पण तपास लागेपर्यंत जगायचं कसं, याचा मार्ग काढणं तितकं अवघड नाही. श्रीलंकेत युद्धानंतर हाच पेच होता. तिथे 2016 साली कायदा करून गैरहजेरीचा दाखला आणला गेला. माणूस मेला असं न म्हणता, तो बेपत्ता आहे एवढंच सरकार लिहून देतं आणि त्यावर घरच्यांना मालमत्तेची, बँकेची कामं करता येतात. नेपाळला हे करायला कोणी अडवलेलं नाही. बेपत्तांची यादी सरकारकडे आहे, त्या यादीवरच तर पैसे वाटले. त्याच यादीवर वडा कार्यालयानं दाखला द्यावा, त्यावर मालपोत कार्यालयानं, म्हणजे जमीन नोंदणीच्या कचेरीनं, बायकोचं नाव लावावं, आणि मुलांच्या नागरिकतेला आईची सही पुरेशी धरावी. तोवर अडचण ही अशी: काकीच्या मुलाला भाताच्या शेतासाठी पॉवर टिलर घ्यायचा आहे. बँक तारण मागते. तारणाला लालपुर्जा, म्हणजे मालकीचा कागद लागतो, तो दिराच्या नावावर आहे, आणि दिरानं यंदा जमीन विकायला काढली आहे. टिलरच्या पैशासाठी गटानं आपल्या बचतीतून जमेल तेवढं कर्ज मंजूर केलं. त्याच्या हप्त्यांचा तक्ता मी मांडून दिला. नोंदवहीत पतीच्या रकान्यात आता नुसतं नाव आहे, त्याच्या आधी काही नाही.